दार लागलं की शाळा

गमरे सरांनी गोधडी झटकली आणि संघमित्राच्या डोक्यावरून पांघरली.

"हं. आता सांग, कसं वाटतंय?"

"जीव जातोय, सर." गोधडीच्या आतून आवाज आला आणि गॅलरीत सतरंजीवर बसलेली पोरं खिदळली.

"एवढ्यात जायचा नाही. बस थोडा वेळ. आता बाकीच्यांनी सांगा, या गोधडीत शेगडी आहे का कुठे?"

"नाही."

"मग ही आत शिजतेय कशाने?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. सरांनी घाई केली नाही. उत्तर यायच्या आधीची ही शांतता त्यांना फार आवडायची. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत त्यांनी ती कधी मोडली नव्हती. अखेर गोधडीतूनच उत्तर आलं.

"माझ्याच गरमीने. ती बाहेर जात नाहीये."

"शाब्बास. ये बाहेर."

संघमित्रा बाहेर आली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. शेजारच्या प्रितीची ही थोरली मुलगी यंदा सहावीत जायची होती. सरांनी गोधडीची घडी केली, कठड्यावर ठेवली आणि खडू घेऊन दारावर एक मोठा गोल काढला.

सरांची खोली चिंचपोकळीच्या त्या चाळीत सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, गॅलरीच्या टोकाकडून दुसरी. खोलीचं दार त्यांनी निवृत्तीच्या वर्षीच बाहेरून काळं रंगवून घेतलं होतं. चाळीत दिवसा कुणाचंच दार बंद नसायचं, तसं सरांचंही नसायचं. पण पाच वाजता ते बाहेर येऊन दार ओढून घेत, आणि गॅलरीचा वर्ग होई. घंटा नव्हती, हजेरी नव्हती. दार लागलं की शाळा, एवढंच पोरांना ठाऊक होतं. दार दिसलं की ती जिन्यावरून, नळावरून, खालच्या अंगणातून धावत सुटत.

दाराचा खालचा उजवा कोपरा प्रश्नांसाठी राखून ठेवलेला होता. ज्याचं उत्तर लगेच मिळालं नाही तो प्रश्न पोराने स्वतःच्या हाताने तिथे लिहायचा. सर त्यावर बोलत राहायचे, आज, उद्या, परवा. आणि तो पुसायचा हक्क फक्त विचारणाऱ्याला. पटलं तरच पुसायचं, सर म्हणतात म्हणून नाही. बाकीची पोरं खेळायला जायच्या घाईत पटापट पुसून मोकळी होत. संघमित्रा मात्र चिवट. चंद्र खाली का पडत नाही, हा तिचा प्रश्न आठवडाभर दारावर होता. सरांना दोरीला दगड बांधून गॅलरीत गरगरा फिरवावा लागला होता, तेव्हा कुठे तिने तो पुसला.

"ही आपली पृथ्वी," सर म्हणाले. "ऊन येतं, जमीन तापते, आणि ती गरमी परत वर जायला निघते. वर हवेत थोडी गोधडी आहे. ती हवीच, नाहीतर सगळा बर्फाचा गोळा झाला असता. पण आपण एकीवर एक, एकीवर एक घालत सुटलोय."

"धुराची गोधडी ना, सर? काळी?"

"काळी असती तर बरं झालं असतं रे. लोकांनी वर बघून म्हटलं असतं, अरे, हे काय. ती दिसत नाही. तिला वास नाही. गाडीतलं पेट्रोल जळतं त्यातून ती होते. विजेसाठी कोळसा जाळतात त्यातून होते. कचऱ्याच्या डोंगरातून होते. आणि फ्रिजच्या, एसीच्या नळीत जो गॅस असतो ना, तो तर सगळ्यात जाड टाका. नळीत आहे तोवर गुणी. बाहेर सुटला, की जुन्यातला एक किलो गॅस अठराशे किलो धुराच्या गॅसएवढी गरमी धरून ठेवतो."

संघमित्राने बोटांवर काहीतरी केलं. "म्हणजे एका गोधडीत अठराशे गोधड्या?"

"तसंच."

"बाप रे. मग आपण मेलोच की."

पोरं पुन्हा हसली. पलीकडच्या खोलीतले बाबुराव हातात टमरेल घेऊन चालले होते. ते थांबले.

"काय सर, मे महिन्यात पोरांना गोधडीत घालून मारताय काय? आयांनी बघितलं तर तुम्हालाच गुंडाळतील."

"तुम्ही पण बसा, बाबुराव. तुमच्या घरचा एसीचा डबा या गोधडीला रोज एक टाका घालतोय."

"असू दे. रात्री ढाराढूर झोपतो मी." बाबुराव हसत निघून गेले.

सर फळ्याकडे वळले. गोलाभोवती ते दुसरा गोल काढत होते तेव्हा आतून स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज आला.

"मांजर असेल," ते म्हणाले आणि गोल पूर्ण केला.

"सर," संघमित्रा म्हणाली, "आजींनी मांजराला हुसकलं नाही."

सरांनी दार ढकललं. आतली हवा तव्यासारखी अंगावर आली. वर पत्रा, मागे एवढीशी खिडकी, आणि तासभर लावलेलं दार. सरांच्या पत्नी राधाबाई ओट्याखाली पडल्या होत्या. अंग जळत होतं आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

~

रुग्णालयातली डॉक्टर वयाने सरांच्या नातीएवढी होती. तिने राधाबाईंचे जुने कागद पाहिले आणि सरांना बाहेर बोलावलं.

"आजोबा, यांचं हृदय आधीच थकलेलं आहे. आज वेळेवर आणलंत. असा दुसरा झटका आला तर मी काही सांगू शकत नाही. खोली थंड ठेवा."

"पंखा आहे. वाळ्याचा पडदा लावतो."

"पंखा गरम हवाच फिरवणार. वर पत्रा आहे म्हणता ना? एसी लावा, आजोबा."

दोन वर्षांपूर्वी चाळीच्या बैठकीत सरांनी आपल्या काळ्या दारावर चित्र काढून समजावलं होतं. डबा आतली गरमी उचलतो आणि बाहेर टाकतो. वर स्वतःचीही भर घालतो. एकाची खोली गार, तर दुसऱ्याची भट्टी. मग दुसराही डबा लावतो. सगळ्यांनी लावले की गॅलरी भट्टी. लोकांनी मन लावून ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. महिन्याभरात त्यांच्याच मजल्यावर तीन डबे आले होते. सर कुणावर रागावले नाहीत. पत्र्याखाली राहणाऱ्याने दुसरं काय करावं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण उन्हाळ्यात पूर्वी सगळी चाळ गॅलरीत अंथरुणं टाकायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा चालायच्या, ते बंद झालं. डब्यांच्या फुत्कारात कोण झोपणार?

राधाबाई घरी आल्या. सरांनी दार दिवसरात्र उघडं ठेवलं आणि वर्ग बंद केला. पाच वाजले की पोरं गॅलरीत घुटमळत, उघड्या दाराकडे बघत आणि खाली जात.

"माझ्यामुळे पोरांची शाळा बुडाली," राधाबाई पलंगावरून म्हणाल्या.

"सुट्टीच आहे त्यांना."

"तुमचा वर्ग मला आतून सगळा ऐकू येतो हो. इतकी वर्षं ऐकतेय. तो डबा नका आणू. पोरांच्या अंगावर गरमी सोडून मी गार झोपू होय? दार उघडं आहे तेवढं पुरे."

पण दार उघडं ठेवून काही होत नव्हतं. गॅलरीतलीच हवा आत येत होती. दुपारी दोनच्या सुमाराला राधाबाईंचा श्वास आखूड व्हायचा, ओठांचा रंग जायचा. सर ओला पंचा पिळून त्यांच्या कपाळावर ठेवायचे आणि तो कोमट झाला की पुन्हा पिळायचे. एका दुपारी पंचा ठेवताना राधाबाईंनी डोळे उघडले आणि सरांना ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

सरांनी खारघरला मुलाला फोन केला.

"पप्पा, मी कधीपासून सांगतोय," हर्षवर्धन म्हणाला. "आमचा जुना एसी काढून ठेवलाय, चालू आहे. टेम्पोने पाठवतो. फिटिंगवाला आहे का तुमच्याकडे कोणी?"

"दीपेश आहे."

"झालं तर मग. आणि पप्पा, आता तत्त्वबित्त्व नको हां."

"नाही," सर म्हणाले.

~

दीपेश सरांचाच विद्यार्थी. पालिकेच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा. आता लालबागच्या एका शेठकडे एसीची कामं करायचा.

"जय भीम, सर. काकू, टेन्शन घेऊ नका. संध्याकाळपर्यंत तुमचं काश्मीर करतो की नाही बघा."

"काश्मीर नको रे बाबा," राधाबाई म्हणाल्या. "मला नुसतं चिंचपोकळीत राहू दे."

दीपेशने खोलीत नजर फिरवली. मागच्या भिंतीचा गिलावा बोट लावलं की सुटायचा. ती खिळासुद्धा धरत नव्हती. पक्की भिंत एकच, आणि तिच्यावर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. दीपेश ड्रिल हातात घेऊन उभा राहिला.

"सर, इथेच बसेल. पण..."

सरांनी स्टूल ओढलं आणि स्वतः चढून दोन्ही फोटो उतरवले, पंच्याने काचा पुसल्या आणि समोर, राधाबाईंच्या उशाशी कपाटावर उभे केले. आता फोटोतल्या दोघांच्या नजरा त्या रिकाम्या भिंतीकडे लागल्या.

बाहेरचा डबा गॅलरीतच लावायचा होता. कठड्याकडे तोंड केलं तर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडावर वाफ, म्हणून चाळीत सगळ्यांनी डबे गॅलरीच्या अंगाने वळवलेले होते. सरांच्या दारापुढे गॅलरीत उरत होती ती फक्त प्रितीची खोली. तिथे गॅलरी संपत होती. सर प्रितीच्या दारात जाऊन उभे राहिले. प्रिती भाकऱ्या थापत होती, आणि धाकटी दीपिका उघड्या अंगाने लादीवर पालथी पडली होती. तिची पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती.

"प्रिती, गरम हवा तुझ्याच दारावर येणार आहे."

प्रितीने भाकरी तव्यावर टाकली. "सर, काय विचारताय? आजींपेक्षा जास्त आहे का ते? लावा. मी दार पुढे करून घेईन."

"दार पुढे केलंस तर आत गरम होईल."

"मग उघडं ठेवीन. दोन्हीकडून सारखंच, सर." ती हसली. "माझी पोरगी वाचायला तुमच्यामुळे शिकली. तुम्हाला नाही म्हणू?"

सर परत फिरले. बाबुराव गॅलरीत उभे होतेच.

"या, सर, या. शेवटी आलात आमच्या पार्टीत."

सर हसले नाहीत, तेव्हा बाबुराव पुढे झाले. डबा ब्रॅकेटवर चढवताना त्यांनीच खालून हात दिला.

पोरं गोळा झाली होती. वर्ग बंद झाल्यापासून गॅलरीत एवढी गंमत झाली नव्हती. दीपेशने नळ्या जोडल्या, गॅसचा दाब मोजायचं काट्याचं घड्याळ लावलं, काटा पाहिला आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला.

"सर, जरा इकडे या. काढताना कोणीतरी घाई केलीय. नळीत हवा शिरली, ओल पण असणार. गॅस आहे आत, पण खराब झालाय. असाच चालवला तर महिन्याभरात मशीन बसेल. हा सगळा काढून नवीन भरायला लागेल."

"काढून म्हणजे?"

"म्हणजे सोडायचा." दीपेशने अंगणावरच्या आभाळाकडे बोट केलं.

"तो जुना, बावीस नंबरचा गॅस?"

"बावीसच. जुनं मशीन ना."

सरांनी आवाज खाली आणला. "तो बाटल्यात परत ओढून घेता येतो ना रे? त्याचं यंत्र असतं."

"असतं. शेठकडे एकच आहे, ते मोठ्या हॉटेलच्या साइटवर पडलंय. मी मागितलं तर देईल, नाही असं नाही. पण तीन-चार दिवस धरा. आणि खरं सांगू, सर? असा कोणी घेत नाही. सगळेच सोडतात. एवढ्याशाने काय होतंय?"

एवढ्याशाने काय होतं ते सरांना पाठ होतं. दाराकडे पाहिलं नाही तरी त्यावरचे ते दोन गोल त्यांना दिसत होते. त्या दिवसापासून कुणी पुसले नव्हते.

दुपारचे दोन वाजायला आले होते. आतून राधाबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता, आखूड, वरच्या वर तुटणारा. सर उंबरठ्यात उभे राहिले. राधाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना वर्ग आतून ऐकू यायचा, तसं हेही ऐकू आलं असणार. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

सरांनी तोंड फिरवलं.

"सोड," ते दीपेशला म्हणाले.

दीपेशने पाना लावला. अर्धा आटा सैल होताच लांब, धारदार सुस्कारा निघाला. नळीच्या तोंडाशी पांढरं बर्फाचं फूल धरलं. पोरं ओरडत पुढे झाली.

"थंड! सर, बघा किती थंड!"

"ए, हात मागे, चामडी जाईल," दीपेश खेकसला. पण पोरं लांबून तळवे धरून उभीच राहिली. दीपिकाने गाल पुढे केला. सुस्कारा बराच वेळ चालला. मग बारीक झाला, आणि मग ऐकू येईनासा झाला. अंगणावरचं आभाळ होतं तसंच होतं, पांढुरकं, स्वच्छ.

"सर," संघमित्राने विचारलं, "हे सुस्स करून काय गेलं?"

सर तिच्याकडे वळले. उत्तर यायच्या आधीची ती शांतता पुन्हा आली, पण आज ती सरांची होती. सगळी पोरं वाट बघत होती.

"हवा, बाळा," ते म्हणाले. "नळीत अडकलेली हवा होती."

दीपेशने एकदा वर पाहिलं. "हो गं, हवाच," तो म्हणाला आणि पाना पिशवीत टाकला.

संघमित्राने दाराच्या मधल्या पट्टीवरून खडू काढला आणि खाली बसून कोपऱ्यात लिहिलं: सुस्स करून काय गेलं? मग हात झटकले.

"उत्तर दिलं ना सरांनी?" कोणीतरी म्हणालं.

"मला पटलं की मी पुसेन," ती म्हणाली.

~

खोली गार झाली. संध्याकाळी राधाबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसल्या, स्वतःची वेणी स्वतः घातली. सरांशी मात्र त्या कामापुरतंच बोलत होत्या.

"अहो, चहात साखर कमी टाका."

"टाकतो."

दुपारचं जेवण झालं तसं सरांनी दार लावून घेतलं. दीपेशने बजावून सांगितलं होतं, फट राहिली तर मशीन चालतच राहतं. दार नीट बसेना तेव्हा त्यांनी खालच्या फटीत पंचा गुंडाळून सारला. राधाबाईंचा डोळा लागला होता. श्वास लांब येत होता, पूर्ण येत होता. सर पलंगाशी भिंतीला टेकून तो ऐकत बसले. महिन्याभरात त्यांची पाठ पहिल्यांदा कोरडी होती. समोर कपाटावरून फोटो त्यांच्याकडे बघत होते. सरांनी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. मशीनच्या एकसुरी घुंईखेरीज कसलाही आवाज नव्हता. चाळ, नळ, भांडी, पोरं, काहीच नाही. जणू चाळ कुणी उचलून नेली होती. सरांनी पंचा काढला आणि दार उघडलं.

गॅलरीत सतरंजी घातलेली होती आणि तिच्यावर पोरं रांगेने बसली होती. सगळी होती. तोंडं लालबुंद, सदरे अंगाला चिकटलेले. एक जण पाटीने वारा घेत होता. दीपिका बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, ती उठून बसली.

"अरे," सर म्हणाले, "तुम्ही इथे? या उन्हात?"

"दार लागलं ना, सर," पाटीवाला म्हणाला.

"कधीचे बसलात?"

"जेवून लगेच आलो. दीपिकाने बघितलं. ती ओरडत आली, दार लागलं, दार लागलं."

"मग वाजवायचं नाही?"

पोरांना हा प्रश्न कळलाच नाही. संघमित्रा म्हणाली, "शाळेचं दार आम्ही कधी वाजवलंय, सर? तुम्ही बाहेरच असता."

आतून राधाबाईंचा झोपेतला आवाज आला. "अहो, दार लावा. गार हवा चाललीय."

सर क्षणभर उंबरठ्यावर थांबले. त्यांची पाठ गार होती आणि छाती भाजत होती. मग त्यांनी बाहेर पाऊल टाकलं आणि दार मागे ओढून घेतलं.

काळा फळा पोरांसमोर आला. दोन गोल तसेच होते. खालचा उजवा कोपरा मात्र रिकामा होता. तिथे लहानशा तळव्याचा पांढरट फराटा होता.

"तुझा प्रश्न?" सरांनी विचारलं.

"पुसला," संघमित्रा म्हणाली. ती सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत होती. "ही दीपिका सारखी विचारत होती, ते काय होतं, ते काय होतं. मी तिला सांगितलं, हवाच होती. सर खोटं कशाला सांगतील."

"पटलं तुला?"

दोरा तुटला. तिने तो बोटाला गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. वर मात्र पाहिलं नाही.

"सर," ती म्हणाली, "आज गणित घ्या ना."

"हो, सर, गणित," बाकीची म्हणाली. त्यांना काहीही चाललं असतं.

सरांनी पट्टीवर हात फिरवून खडू घेतला. आधी त्यांनी हाताने ते दोन गोल पुसले, आतला आणि बाहेरचा. मग एकाखाली एक आकडे मांडायला लागले. ते सावकाश, मोठे लिहीत होते. पहिलीच्या वर्गाला लिहावेत तसे.

दाराशेजारचा डबा मघापासून थांबला होता. तो आत कुठेतरी खुडबुडला, हादरला आणि सुरू झाला. गरम झोत गॅलरीच्या टोकापर्यंत गेला, प्रितीच्या दारावर आदळला आणि वळून पोरांवर आला. त्यांचे केस उडाले. वह्यांची पानं फडफडली. दीपिकाने डोळे मिटून हनुवटी वर केली.

"सर," ती म्हणाली, "वारा आला."

सर वळले नाहीत.

"हो, बाळा," ते म्हणाले आणि त्यांनी बेरजेखाली रेघ मारली.